चौदा तारखेचं बाळ

सुंदराबाई मोहिते कधी घाईत दिसल्या, असं त्यांच्या वाडीत कोणी सांगू शकणार नाही. घाई होण्याआधीच त्यांचं काम उरकलेलं असतं. पावसाळ्याची लाकडं मार्च उजाडायच्या आत रचून झाकलेली. मुंबईला जायचं तर पिशवी आदल्या दुपारपासून दाराशी. काजूच्या कारखान्यात त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, आणि तिथलं घड्याळ बंद पडलं तेव्हा मुकादम म्हणे त्या पदर झटकून उठल्या की बायकांना जेवायला सोडायचा. ही गोष्ट त्या स्वतःच सांगतात, त्यामुळे थोडी वजा करून घ्यावी. पण फार वजा करू नये.

रत्नागिरीहून निघून पावस मागे टाकलं आणि पूर्णगडचा पूल ओलांडला की चढावर त्यांची बौद्धवाडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा प्रज्ञेश मुंबईत कुरिअर कंपनीत. सून तेजल वाडीजवळच्याच शाळेत शिक्षिका, आणि चार वर्षांची नात सानवी. पुरुषमाणसं निम्म्याहून जास्त मुंबईला, म्हणून वाडीचा कारभार बायकांच्या हातात, आणि बायकांचा कारभार सुंदराबाईंच्या. चौदा एप्रिलची जयंती तर त्यांच्याशिवाय उभीच राहत नाही. मुंबईकर उतरतात, विहारावर निळे झेंडे लागतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून लेझीम खेळतात, आणि सगळ्या वाडीची खीर सुंदराबाई करतात. त्या पातेल्यात दुसऱ्या कोणाचा डाव गेलेला आजवर कोणी पाहिलेला नाही.

तर ह्या बाईंनी फेब्रुवारीत, जयंतीच्या सभेत, एक घोळ करून ठेवला.

तेजलला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी तारीख दिली होती वीस एप्रिलच्या आसपासची. सानवीच्या वेळी मूल पायाळू होतं, म्हणून सीझर करावं लागलं होतं, आणि एकदा सीझर झालं की पुढचंही सीझरच, हे वाडीत लहान पोरालाही माहीत. सुंदराबाईंनी मनात गणित मांडलं. पोट उघडायचंच आहे तर विसाची वाट कशाला? चार-सहा दिवस अलीकडे-पलीकडे डॉक्टर ऐकतातच. प्रज्ञेश जयंतीला रजा काढून येणारच आहे. मग चौदालाच का नको? सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी मिरवणूक. असं योग्य काम योग्य दिवशी बसलं की त्यांना पोटभर जेवल्याचं समाधान मिळतं.

सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी माज्या घरात बाळ येतंय. चौदा तारखेला. कार्यक्रमात धरा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाचा सेक्रेटरी जानू, ज्याच्या मालकीचा वाडीतला एकमेव माईक आणि दोन कर्णे, त्याने तिथल्या तिथे खीरवाटप आणि भाषण यांच्या मधे 'नवीन बाळाचं स्वागत' घालून टाकलं. एकाच माणसाला सुंदराबाईंनी विचारलं नव्हतं. तेजलला.

तेजल ओरडणारी नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मला ह्या वेळी सीझर नकोय. मला नॉर्मल करून बघायचंय."

"खुळी की काय तू? एकदा टाके पडल्यावर?"

"डॉक्टर म्हणतात, जमू शकतं. तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्हीच विचारा."

सुंदराबाई गेल्या. भांडायच्या तयारीनेच गेल्या. रत्नागिरीतल्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर दीप्ती म्हणून होत्या, वयाने त्यांच्या मुलीसारख्या, पण बोलायला घाबरणाऱ्या नव्हेत.

"आजी, पहिलं सीझर का झालं? बाळ पायाळू होतं म्हणून," दीप्तीबाई म्हणाल्या. "ह्या बाळाचं डोकं खाली आहे. पहिला टाका आडवा आहे, मधे चांगली चार वर्षं गेलीत. प्रयत्न करायला काहीच हरकत नाही. चारातल्या तिघींना तरी जमतं."

"आनि चौथीला?"

"चौथीचं सीझर करायचं. त्याची तयारी आधीपासून असते."

"आनि तो आतला टाका उसवला तर?"

तेजलने मान खाली घातली. दीप्तीबाईंनी मात्र उत्तर टाळलं नाही. "दोनशेत एखादीच्या बाबतीत होतं तसं. झालं तर लगेच पोट उघडावं लागतं. म्हणून तर हे घरी करायचं नाही, लहानशा दवाखान्यातही नाही. जिथे रक्त आहे, भूल देणारे डॉक्टर आहेत, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष आहे, तिथेच करायचं. कळा सुरू झाल्या की तडक इथे यायचं, आणि ते पूर्णगडच्या पलीकडून जमणार नाही. एप्रिल लागला की रत्नागिरीतच राहा."

सुंदराबाईंनी शेवटचा डाव टाकला. "मग कळा तुमी औषध देऊन आणा की. चौदाला."

"औषधाने कळा आणल्या की टाक्यावर जास्त ताण येतो, आजी. शक्यतो आपण वाट बघायची."

वाट बघायची! सुंदराबाईंना आयुष्यात कोणी हे सांगितलं नव्हतं. त्या दवाखान्यातून बाहेर आल्या त्या कोणीतरी तोंडातला घास काढून घेतल्यासारख्या.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. गाडी पुलावर आली, खाली खाडी दिसली, आणि सुंदराबाई खिडकीकडे तोंड करूनच बोलायला लागल्या. त्यांना मालन नावाची धाकटी बहीण होती. तिची पहिली वेळ. सुईण म्हणाली होईल, होईल. मग म्हणाली होत नाय, रत्नागिरीला न्या. तेव्हा हा पूल नव्हता. वारा सुटला होता, माणसं नेणारी होडी पलीकडच्या काठाला बांधलेली होती, आणि ह्या काठाला मालन डोलीत पडलेली.

"होडी यायच्या आत ती गेली," सुंदराबाई म्हणाल्या. "तवापास्नं मला वाट बघनं नको वाटतं. ऑपरेशन म्हंजे कसं, सगळं हातात. दिवस ठरलेला, डॉक्टर उभा. मला माज्या मानसांचं कायपन नशिबावर सोडायचं नाय."

लग्न होऊन आल्यापासून तेजलने मालनचं नाव ऐकलं नव्हतं. तिने सासूचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "आई, सानवीच्या वेळी मला ती दिसलीसुद्धा नीट नाही. दाखवली आणि नेली. पुढे कितीतरी दिवस मला तिला उचलता येत नव्हतं, तुम्हीच आणून द्यायचात. तुम्ही होतात म्हणून निभावलं. पण एकदा मला स्वतः करून बघायचंय. आणि मी काही मालनमावशींसारखी काठावर बसणार नाहीये. मी दवाखान्याच्या दारात बसणार आहे. तुम्ही बरोबर असाल तर."

 घरी आल्यावर सुंदराबाईंनी चौदासाठी दाराशी भरून ठेवलेली पिशवी उघडली, पुन्हा भरली, आणि म्हणाल्या, "सगुणाला फोन लाव. एक खोली मोकळी कर म्हणावं."

सगुणा ही त्यांची भाची, रत्नागिरीतच नाचण्याला राहते. एप्रिल लागताच सासू, सून आणि नात तिच्याकडे डेरेदाखल झाल्या, आणि सुंदराबाईंच्या लक्षात आलं की ह्या वाट बघण्यात तर ऑपरेशनपेक्षा दसपट कामं आहेत! मग काय विचारता. तेजलच्या रक्ताच्या गटाचं कोण कोण आहे, ते कुठे राहतात, फोन उचलतात का, हे त्यांनी स्वतः फोन करून पाहिलं. सानवी कोणाजवळ राहील, ते सानवीलाच विचारून ठरवलं. गल्लीतल्या विनीत रिक्षावाल्याला पकडलं आणि नाचण्यापासून दवाखान्यापर्यंत त्याची चाचणी घेतली. पहिल्या खेपेला त्याने गतिरोधकावरून रिक्षा उडवली, तर त्याला मागे फिरवून पुन्हा न्यायला लावलं.

"काकी, पेशंट कुठाय?" विनीत रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मीच हाय असं समज," सुंदराबाई मागच्या सीटवर आडव्या होऊन म्हणाल्या. "सावकाश घे."

तेजल दारातून हे पाहून इतकी हसली की सगुणाला वाटलं, आत्ताच कळा सुरू होतात.

एक गोष्ट मात्र ह्या बाईने केली नाही. वाडीला फोन करून "चौदाचं ऑपरेशन रद्द" एवढं सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायच्या आणि रोज टाळायच्या. एकदा दिलेला शब्द परत घ्यायची त्यांना सवयच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात आशाही होती. बाळ काय, आपलं आपणच चौदाला आलं तर? मग काय सांगायचं राहतं!

चौदा तारीख उजाडली. प्रज्ञेश दोन दिवसांपूर्वीच मुंबईहून आला होता. सुंदराबाईंनी त्याला सकाळीच वाडीत धाडला. खिरीच्या पातेल्याला डाव लावायची परवानगी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला दिली, तीही पोटच्या पोराला, आणि गूळ कधी घालायचा हे सांगायला चारदा फोन केला. स्वतः पांढरी साडी नेसून सगुणाच्या खोलीतच वंदना म्हटली. तेजल शेजारी बसली होती. वंदना संपता संपता तिने पाठ धरली.

"आई... दुखतंय."

दिवस चौदाचा, आणि कळा! सुंदराबाईंच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला म्हणून सांगू. विनीत शिकवल्याप्रमाणे सावकाश आला. प्रज्ञेशला फोन गेला, "कळा सुरू झाल्या, ये." तो खिरीचा डाव जानूच्या हातात कोंबून मोटारसायकलवर उडाला.

आता जानूची काय चूक? कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं. सुंदराबाई म्हणाल्या होत्या चौदा. त्यांचा मुलगा डाव टाकून दवाखान्याकडे पळालेला सगळ्यांनी पाहिला होता. सुंदराबाईंनी ठरवलेलं काम होणार नाही, हा विचार त्या वाडीत कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. खीर वाटून झाली, कार्यक्रमात पुढे बाळाचं स्वागत आलं, आणि जानूने माईक हातात घेतला. "बंधू-भगिनींनो, अत्यंत आनंदाची बातमी! आपल्या सुंदराकाकींच्या घरी आज जयंतीच्या शुभदिनी नवीन पाहुणा आलेला आहे!" लेझीम घुमलं. कोणी पेढे आणले. मुंबईच्या तीन नातेवाईकांना तर त्याच मिनिटाला व्हिडिओ गेले.

आणि इकडे दवाखान्यात दीप्तीबाईंनी तेजलला तपासून सांगितलं, "ह्या खोट्या कळा आहेत. थांबल्याही बघा. गर्भाशयाचं तोंड अजून उघडलेलं नाही. बाळ मजेत आहे, टाक्याजवळ काही दुखत नाही. थोडा वेळ झोप आणि घरी जा."

सुंदराबाईंच्या हातातला फोन वाजायला लागला तो थांबेचना. अभिनंदन. अभिनंदन, काकी. मुलगा का मुलगी? नाव काय ठेवणार? तिसऱ्या फोनला त्यांचा चेहरा उतरला. पलंगावर पडलेल्या तेजलला सगळं ऐकू येत होतं. प्रज्ञेशलाही वाटेत फोन आले होते; तो तेवढ्यात धापा टाकत आला आणि त्याने उरलंसुरलं सांगून टाकलं. जानूने माईकवर सांगितलं म्हणून. सगळ्या वाडीसमोर.

 मग तेजल उठून बसली. "आई," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्यात, तुझा विचार बदलला तर कधीही सांग. करून टाकूया का? आजच? तुमचा शब्द खाली पडायला नको."

ती मनापासून म्हणत होती, हेच वाईट होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ती सासूला दिसू नये म्हणून सलाइनच्या स्टँडकडे बघत होती. सुंदराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एक हो म्हटलं की झालं. दिवस अजून चौदाच होता. वाडीत सांगितलेलं खरं ठरलं असतं, आणि कोणाला काही कळलंही नसतं. त्यांना फार मोह झाला. तो किती झाला, हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही.

त्यांनी जानूला फोन लावला. "जानू, माईक चालू हाय? तुजा फोन माईकाला लाव. मला बोलायचंय."

वाडीत लेझीम थांबलं. कर्ण्यातून सुंदराबाईंचा आवाज आला.

"जय भीम. मी सुंदरा बोलतंय. बाळ झालेलं नाय. जानूची चूक नाय, माजी हाय. तारीख मी ठरवली, आनि पोरीला न विचारता ठरवली. ती नॉर्मलसाठी थांबलीय. बाळ येईल तवा येईल. आज नाय आलं तर नाय आलं. बाबासाहेबांनी आपल्याला काय शिकवलं, दुसऱ्याच्या अंगावर आपली सत्ता चालवा म्हनून? माज्या सुनेच्या अंगावर माजी सत्ता नाय. तर आता तिला कोनी फोन करू नका. आनि खिरीत गूळ कमी पडला असंल तर प्रज्ञेशला बोला, मला नको. संपलं."

 वाडीत मागून कोणी म्हातारी "शाब्बास गो सुंदरे!" म्हणून ओरडली आणि लेझीम पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जोरात. तेजल दवाखान्यातल्या पलंगावर बसून हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हींतलं कुठलं आधी आवरावं हे तिला कळत नव्हतं. सुंदराबाईंनी फोन पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. गंमत म्हणजे सुंदराबाईंना वाट बघता यायला लागली. सगुणाच्या गच्चीवर सासू-सून संध्याकाळी फेऱ्या मारायच्या, आंब्याची साल चोखत बसायच्या. प्रज्ञेशची रजा संपली. सतरा तारखेला सकाळच्या गाडीने तो तोंड पाडून मुंबईला निघाला, आणि गाडीने रत्नागिरी सोडली न सोडली तोच तेजल दाराची चौकट धरून उभी राहिली.  ह्या वेळी कळा खऱ्या आहेत का, हे सुंदराबाईंना विचारावंच लागलं नाही.

प्रज्ञेशला एकच फोन गेला. "कुठं हायस?"

"चिपळूण येतंय."

"उतर."

दवाखान्यात तेजलच्या पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येऊ लागले, टपटप टपटप, दुडक्या चालीच्या घोड्यासारखे. प्रसूतीच्या खोलीत एक माणूस बरोबर राहू शकतं, असं दीप्तीबाईंनी आधीच सांगितलं होतं. तेजलने सासूचं नाव दिलं होतं. दर थोड्या वेळाने सिस्टर यायची, टाक्याजवळ हात ठेवून विचारायची, "इथे दुखतंय? कळ नसताना दुखतंय?" प्रत्येक वेळी सुंदराबाई पाठ चोळायच्या थांबायच्या, आणि तेजल नाही म्हणाली की पुन्हा सुरू करायच्या. पलीकडच्या दारामागे ऑपरेशनची खोली तयार होती. सुंदराबाईंनी आधीच एकदा डोकावून खात्री करून घेतली होती.

दुपार झाली. तेजल ओठ चावत होती, मग ओरडायला लागली. सुंदराबाईंनी तिच्या पाठीवर दोन्ही हात रोवले.

"आई, मला नाही जमत. सांगा त्यांना, कापा म्हणावं!"

डॉक्टर दीप्ती खाली वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तेजल, तू सांगशील तर करू. पण हात खाली घालून बघ. ते डोकं आहे."

तेजलचा हात गेला. तिचं तोंड उघडंच राहिलं. "आई! केस आहेत! आई, ह्याला केस आहेत!"

"मग असनारच, तुज्या नवऱ्यालापन जन्मतः जावळ होतं!" सुंदराबाई किंचाळल्या. "लाव जोर, पोरी! लाव!"

आणि मुलगी झाली. ओली, लाल, भरपूर केसांची, आल्या आल्या भांडायला लागलेली. कोणी तिला दाखवून नेलं नाही. ती सरळ तेजलच्या छातीवर आली आणि तिथेच राहिली. तेजल तिच्या डोक्याला नाक लावून काहीतरी पुटपुटत होती, आणि सुंदराबाई भिंतीला टेकून ढसाढसा रडत होत्या. मालनसाठी त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा रडायला वेळ नव्हता, कामं होती. ते सगळं आता आलं, आणि त्यांनी येऊ दिलं.

सिस्टरने बाळाच्या हाताला बांधायची पट्टी घेतली. "आजी, आज तारीख काय हो?"

सुंदराबाईंनी डोळे पुसले. आठवून पाहिलं. "काय की," त्या म्हणाल्या. "मला नाय म्हाईत."

प्रज्ञेश एसटीने परत येऊन दवाखान्यात शिरला, तेव्हा चिपळूणच्या स्टेशनची धूळ त्याच्या शर्टावर दिसत होती. त्याने मुलीला हातात घेतलं, तेव्हा सुंदराबाईंनी खालून आपले हात लावून ठेवले. मग त्यांनी पिशवीची चेन उघडली आणि फोन काढला.

"जानू, माईक लाव."

पलीकडे जानू घाबरला. एकदा पोळलेला माणूस तो. "काकी, नक्की ना? तुमच्या डोळ्यांनी बगितलंत ना? नायतर मागल्यासारकं..."

"मी काय बोलतच नाय," सुंदराबाई म्हणाल्या. "फोन माईकाला धर आनि तूच ऐक."

त्यांनी फोन नातीच्या तोंडाशी नेला. मुलगी तेजलच्या कुशीतून ओढली गेल्याच्या रागात होती. तिने तोंड उघडलं आणि एक टाहो फोडला. भर दुपारी, सगळी वाडी जेवून कलंडलेली असताना, विहारावरच्या दोन्ही कर्ण्यांतून तो टाहो चढावरून खाली खाडीपर्यंत गेला. फोन तसाच धरून, कान जवळ नेऊन सुंदराबाईंनी तो ऐकला. आपल्या हाताशी रडणारी पोरगी तिकडून, लांबून, मोठी होऊन पुन्हा ऐकू येत होती. मग दारं उघडल्याचे आवाज आले. मग कोणीतरी, दुपारच्या त्या उन्हात, घरातून लेझीम काढलं.